गुरुवार, दहा चाळीस

तिचं काम नक्की काय आहे हे तिच्या सासऱ्यांना लग्नाला सात वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बिघडलेली वस्तू समोर घ्यायची, उघडायची, चालू करून परत द्यायची, हेच ज्यांना काम म्हणून ठाऊक, त्यांना डेटा सायंटिस्ट म्हणजे कोण हे कोणत्या शब्दांत सांगणार? तरी ते रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "आज काय दुरुस्त करणार, सूनबाई?" आणि तीही रोज काहीतरी सांगायची.

त्या गुरुवारी तिने सांगितलं की आज दुरुस्ती नाही, आज दोन केंद्रं बंद करायचीत. रक्तपेढीची अकरा केंद्रं होती, खर्च झेपत नव्हता, आणि कोणत्या दोन केंद्रांना कुलूप लावायचं ते तिच्या कंपनीने दुपारी साडेतीनला आकड्यांवरून सांगायचं होतं. सासरे म्हणाले की बंद करायला अक्कल लागत नाही, नुसतं चावी द्यायची विसरलं तरी पुरतं. ती हसली, मुलीच्या दप्तरात डबा कोंबला, मुलीचे बूट कुठे आहेत हे नवऱ्याला तिसऱ्यांदा सांगितलं आणि घराबाहेर पडली.

ऑफिसात तिचं नाव "चाळणी". कंपनी सल्ला विकणारी. लोक आपापलं दुखणं घेऊन येणार, कंपनी त्यांच्याकडे आकडे मागणार, आणि आकडे येणार ते कसे, तर वयाच्या रकान्यात फोन नंबर, जन्मतारीख पुढल्या वर्षाची आणि एकच माणूस तीन नावांनी. हे सगळं निवडून साफ केल्याशिवाय पुढचं गणित हलत नाही. बाहेरच्यांना वाटतं की ही मंडळी दिवसभर भविष्य वर्तवत बसतात. खरं म्हणजे भविष्याचा भाग लग्नाच्या दिवसाएवढा, बाकी सगळा संसार झाडलोटीचा. आणि या झाडलोटीत चाळणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. याचा तिला थोडा ताठा होता. थोडा कसला, चांगलाच होता.

तिची एक सवय मात्र चांगली होती. अहवाल हातावेगळा करण्याआधी ती आपण टाकून दिलेल्या नोंदींतल्या दहा-वीस नोंदी डोळ्यांखालून घालायची. या खेपेला घाईत ते राहून गेलं होतं. बंद करायच्या दोन केंद्रांत सात नंबरचं केंद्र घालून अहवाल तयार होता, रक्तपेढीला आगाऊ टिपण गेलं होतं, साहेबांनी पानंही छापून घेतली होती. तरी सवयीने तिने नऊ वाजता कॉफी घेतली आणि टाकाऊ ढीग उघडला.

त्या ढिगात सात हजार आठशे नोंदी होत्या. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा देता येत नाही, एवढं तिला माहीत होतं. म्हणून तिने नियम केला होता की एकाच रक्तदात्याची दुसरी नोंद नव्वद दिवसांच्या आत आली तर ती कारकुनाची चूक समजून काढून टाकायची. एकंदर नोंदींत हे प्रमाण शेकडा चार होतं. शेकडा चार गेले तर या धंद्यात कुणी भुवईसुद्धा उचलत नाही.

पहिलीच नोंद निघाली ती अशी: दाता क्रमांक चार हजार एकशे बारा, केंद्र सात, गुरुवार, दहा चाळीस. चौथी पुन्हा त्याचीच, गुरुवार, दहा बेचाळीस. नववीही त्याचीच. चाळणीने कप खाली ठेवला आणि त्या क्रमांकाच्या सगळ्या नोंदी एकत्र काढल्या. दोनशे अकरा निघाल्या. प्रत्येक दोन नोंदींत चौदा दिवसांचं अंतर, आठ वर्षं, आणि त्यात दोनच गुरुवार चुकलेले.

कारकुनाची चूक इतकी वक्तशीर नसते.

तिने सात नंबर केंद्राला फोन लावला. फोन तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी उचलला आणि पंधरा दिवसांनी येणारे हे लोक कोण असं विचारल्यावर सहज सांगितलं की ते प्लेटलेट्स देणारे. यंत्रातून रक्त फिरवून तेवढ्याच काढून घेतात, बाकीचं रक्त त्याच हातात परत जातं, म्हणून पंधरवड्याने पुन्हा देता येतं. पलीकडे मुलांचं मोठं इस्पितळ आहे, रक्ताच्या आजाराची मुलं असतात, त्यांना त्या लागतात. साठवून ठेवाव्यात म्हटलं तर पाच दिवसांत वाया जातात. "म्हणून मग कुणीतरी यावंच लागतं," बाई म्हणाल्या, आणि आणखी काही हवंय का असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

दोन मिनिटांचा फोन. हा फोन तिने पहिल्याच दिवशी करायला हवा होता. काय दिलं ते सांगणारा रकाना जुन्या यंत्रणेतून कोरा आला होता, तेव्हाच विचारायला हवं होतं. पण स्वतःच्या हुशारीवर इतका विश्वास, की विचारणार कशाला? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. हिने तर ओलंच वेचून वेचून जाळलं होतं. सात नंबरला माणसं येत नाहीत म्हणून ते बंद करा, असं सांगायला ती साडेतीनला उभी राहणार होती, आणि येणारी माणसं तिनेच पुसली होती.

मग तिने एक चित्र काढलं. माणसामागे एक आडवी रांग आणि प्रत्येक फेरीला एक ठिपका. सात नंबरची माणसं निघाली एकसष्ट. पडदा भरला, आणि ती नुसती बघत राहिली. समान अंतरावरचे ठिपके डावीकडून उजवीकडे निघालेले, कुणी पट्टी धरून मांडल्यासारखे. कुणाची रांग दोन वर्षांची, कुणाची दहा. दहा वर्षं आकड्यांत हात घालून बसलेली ही बाई, माणसं किती बेभरवशाची असतात हेच आजवर आकड्यांनी तिला दाखवलं होतं. लोक व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरतात आणि तिसऱ्या आठवड्यात गायब होतात, औषधाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडतात. माणसाच्या वागण्याची इतकी सरळ रेघ तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात तिला वादळाचा आठवडा आठवला. चार वर्षांपूर्वी शहर सहा दिवस बंद होतं, खांब आडवे, रस्त्यांवर गुडघाभर पाणी. त्या सहा दिवसांत तिच्या घरातल्या चौघांनी बटाट्यांवर दिवस काढले होते, आणि नवरा एकदाच दुधासाठी फाटकापर्यंत जाऊन पाणी बघून परत आला होता. चित्रात त्या आठवड्यात भगदाड पडलं असणार, म्हणून ती बोट पडद्यावर सरकवत तिथे गेली. भगदाड नव्हतं. त्या गुरुवारी ज्यांची पाळी होती ती सातही माणसं आली होती. चार हजार एकशे बारा क्रमांकाचा माणूस अकरा पंचावन्नला आला होता. सव्वा तास उशिरा.

चाळणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणीतरी सफरचंद खात होतं, झेरॉक्सच्या यंत्रात कागद अडकल्याची तक्रार चालली होती, आणि ही मात्र देवळात शिरल्यासारखी गप्प झाली होती.

आज गुरुवार होता. चार हजार एकशे बाराचा शेवटचा ठिपका बरोबर चौदा दिवसांपूर्वीचा. घड्याळात पावणेदहा झाले होते. तिने पर्स उचलली आणि बस पकडली.

सात नंबर केंद्र एका चष्म्याच्या दुकानावर होतं, दोन जिने चढून. लांबट खोली, मागे रेलणाऱ्या चार खुर्च्या, दोन यंत्रं, खिडकीत वाळत घातलेला पुसायचा कपडा. फोनवरच्या तंत्रज्ञ बाई दिसायला फोनवरच्यासारख्याच निघाल्या, ठेंगण्या आणि घाईत. चाळणीने ओळख सांगितली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसली. दहा पस्तीस. दहा अडतीस. आयुष्यात कितीतरी मॉडेलं तिने बांधली, पण भाकीत खरं होतंय का हे बघायला दारावर डोळे लावून ती आजवर बसली नव्हती.

दहा एकेचाळीसला जिन्यात पावलं वाजली. पन्नाशीचा एक माणूस आला, भुवयांवर सिमेंटची धूळ, गुडघ्यांवर विजारीला जाड ठिगळं. फरशी बसवणारा होता. दाराशी बूट झटकून त्याने आपला क्रमांक तोंडपाठ सांगितला, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले आणि कुणी न सांगता डावीकडून दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला.

यंत्र घरघरायला लागल्यावर चाळणी त्याच्याजवळ गेली. त्याला बोलायची हौस होती, खुर्चीत दीड तास अडकलेल्या माणसाला असतेच. त्याने सांगितलं की साइटवरच्या एका पोराला गरज होती तेव्हा चौघं मिळून आलो होतो. तो पोरगा बरा झाला, गावी गेला. पण इथल्या बाई म्हणाल्या होत्या पंधरा दिवसांनी या, म्हणून आलो. तिने विचारलं, आणि मग? तो गोंधळला. मग काय, परत पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. मुकादम दोन तास सोडतो, संध्याकाळी भरून काढतो. वादळातल्या गुरुवारचं विचारलं तर त्याला आधी आठवेचना. आठवलं तेव्हा तो ओशाळला.

"त्या दिवशी उशीर झाला होता, ताई," तो म्हणाला. "पाण्यात रस्ता कळेना. इथे बाई थांबल्या होत्या माझ्यासाठी."

इतक्या साध्या आवाजात इतकी मोठी गोष्ट चाळणीने कधी ऐकली नव्हती. शेवटी तिला जे विचारायचं होतं ते तिने विचारलं, हे केंद्र बंद झालं आणि मुख्य केंद्रात जावं लागलं तर? मुख्य केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, बसने तास सव्वा तास. फरशीवाल्याने क्षणभरही विचार केला नाही. तिथेही जाईन की, म्हणाला.

परत येऊन ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे कंपनीतले भागीदार, कोणतीही गोष्ट एका पानात मावली पाहिजे अशा मताचे. तिने दार लावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. छापलेली पानं त्यांच्यासमोरच होती. त्यांनी ती उलटी करून ठेवली आणि एवढंच विचारलं की हे रक्तपेढीला सांगणार कोण. चूक माझी आहे, मीच सांगते, ती म्हणाली. पहिल्यांदाच एवढं मोठं काम तिच्या एकटीवर सोपवलेलं, आणि पहिल्यांदाच हात दाखवून अवलक्षण. साहेब म्हणाले की अहवालावर नाव माझंही आहे, मी शेजारी बसतो. त्या दिवसापासून तिने साहेबांच्या एका पानाची चेष्टा करणं सोडलं.

साडेतीनला रक्तपेढीच्या संचालक बाई आल्या. डॉक्टर होत्या, साठीच्या जवळ, आखूड पांढरे केस, कमी बोलणाऱ्या. बसता बसताच त्यांनी सांगितलं की सात नंबरचे आकडे मला जरा कमी वाटले होते, पण आकडे ते आकडे.

"आकडे चुकीचे आहेत," चाळणी उभी राहून म्हणाली. "चूक माझी आहे. पंधरा दिवसांनी येणारी सगळी माणसं मी चुकीची नोंद समजून काढून टाकली. सात नंबर बंद करा असा सल्ला मी मागे घेते."

तिने प्रोजेक्टरने चित्र भिंतीवर पाडलं. संचालक बाई खुर्चीतून उठल्या आणि भिंतीपाशी गेल्या, इतक्या जवळ की काही ठिपके त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडले. वादळाचा आठवडा चाळणीने बोटाने दाखवला. बाईंनी एक रांग डावीकडून उजवीकडे चालत जाऊन पाहिली, मग दुसरी. पस्तीस वर्षं या कामात आहे, पण ही माणसं अशी एकत्र कधी पाहिली नव्हती, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मग त्या वळल्या, आणि चाळणीला वाटलं होतं की आता संपलं, तिथे खरी अडचण सुरू झाली. बाईंचं म्हणणं असं की हे चित्र पाहून तर सात नंबर निर्धास्त बंद करता येईल. गुडघाभर पाण्यातून जी माणसं आली, ती एक बस बदलून येणार नाहीत? यंत्रं मुख्य केंद्रात हलवू, माणसंही येतील. सहा वर्षांपूर्वी चार नंबरचं केंद्र असंच मुख्य केंद्रात मिसळलं, तेव्हा प्लेटलेट्स देणारा एकही माणूस कमी झाला नाही, त्यांनी स्वतः आकडे तपासले होते. आणि सात नंबरचा खर्च वाचला तर त्यातून लांबच्या एका गावासाठी गाडी घेता येणार होती. बाई लबाड नव्हत्या, कंजूषही नव्हत्या. त्यांचं गणित सरळ होतं.

साहेबांची मान नकळत हलली. चाळणीच्या कानात फरशीवाल्याचे शब्द होते, तिथेही जाईन की. आता त्याचा चांगुलपणाच त्याच्या केंद्राच्या मुळावर येत होता, आणि साक्ष त्याने स्वतःच दिली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला करून काही ठोकून देणं तिला जमलं असतं, पण सकाळपासून तिची हुशारी पुरेशी उतरली होती. तिने दहा मिनिटं मागून घेतली आणि त्या दोघांच्या समोरच चार नंबरची माणसं शोधायला बसली. त्यांच्याही नोंदी त्याच टाकाऊ ढिगात होत्या.

तेवीस रांगा निघाल्या. केंद्र मिसळलं त्या तारखेला तिने एक उभी लाल रेघ मारली. रेघेच्या पलीकडे, मुख्य केंद्रात, ठिपके सुरूच होते. पहिल्या पंधरवड्यात तेवीसच्या तेवीस माणसं तास सव्वा तासाचा प्रवास करून आली होती. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदाही. संचालक बाई म्हणाल्या, "बघा."

चाळणीने चित्र उजवीकडे सरकवलं.

माणूस एकदम तुटत नाही, हे तिने तेव्हा पाहिलं. आधी दहा चाळीसचे साडेअकरा होतात. मग चौदा दिवसांचे एकवीस, एकविसाचे चाळीस. मग एक ठिपका एकटाच, बराच लांब, परत एकदा प्रयत्न केल्यासारखा, आणि त्यानंतर कोरं. एका रांगेने तर तीन वर्षं तग धरली होती, ठिपक्यांतलं अंतर वाढत होतं, पण ती चिवटपणे चालली होती. कुणीही नको म्हणून गेलं नव्हतं. एकेकाचा अर्धा दिवस जात होता, मुकादम दोन तासांऐवजी पाच तास सोडत नव्हते. वर्षअखेर नऊ उरले. दुसऱ्या वर्षअखेर पाच. आज दोन. एकसष्ट रांगा पाहून जसा काटा आला होता तसाच तिच्या अंगावर पुन्हा आला. केंद्र हलवताना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तरी ही माणसं किती दिवस येत राहिली होती.

"मी तीन महिन्यांचे आकडे पाहिले होते," संचालक बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांत सगळे होते. त्या कागदावर सही माझी आहे."

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. सात नंबर बंद होणार नाही, त्यांनी सांगितलं, आणि त्यावर चर्चा नको असा हात केला. साहेबांनी छापलेली पानं उचलून बॅगेत टाकली. बैठक तिथेच संपायला हरकत नव्हती. पण बाईंनी चष्मा पुसला, आपला लॅपटॉप उघडला आणि चाळणीला चार नंबरच्या, येणं थांबलेल्या एकवीस जणांचे क्रमांक वाचायला सांगितले. क्रमांकांवरून नावं आणि फोन त्यांच्याकडे निघत होते. हे काम कार्यालयातलं कुणीही करेल, असं साहेब सुचवून पाहत होते. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिला फोन बंद होता. दुसऱ्यावर एका मुलीने सांगितलं की बाबा गेल्या वर्षी गेले. बाईंनी तिला आपण कोण ते सांगितलं, तिचे बाबा एकोणसाठ वेळा येऊन गेल्याचंही सांगितलं. मुलीला ते माहीत नव्हतं. बाईंनी फोन ठेवायची घाई केली नाही.

तिसरा क्रमांक चाळणीने जरा चाचरतच वाचला. घंटी खूप वेळ वाजली. उचलला तो एका बाईने. मागे दहा-बारा शिलाई मशिनं एकदम चालत होती, म्हणून ती मोठ्याने बोलत होती आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. संचालक बाईंनी घसा साफ केला. मी रक्तपेढीतून बोलतेय, तुम्ही चार नंबरला येत होता, ते केंद्र आम्ही लांब नेलं, ते आमचं चुकलं, आता सात नंबर तुम्हाला जवळ पडेल, अर्थात इतकी वर्षं झाली, तुमची अडचण असेल तर काही आग्रह नाही, असं त्या बोलत होत्या. आयुष्यात फारशी माफी न मागितलेल्या माणसाला माफीचं वाक्य संपवता येत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

तिकडे मशिनं थांबल्यासारखी वाटली. फोनवरची बाई कुठेतरी आडोशाला गेली असावी.

"कधी येऊ?" तिने विचारलं.